सर्जाची धडक

अंडं तडकलं, पडद्यावर सोनेरी चुरा उडाला आणि आतून निघालेल्या पिल्लाचा वेग पुन्हा कमीच भरला. डाव्या खांद्यावरच्या मुक्ताईची पाठ थोपटत ऋतिकाने उजव्या अंगठ्याने पुढचं अंडं उघडलं. तेही तसंच.

"बॉक्स भरलाय, ताई," शेजारी मांडी घालून बसलेली स्वराली म्हणाली. ती वरच्या मजल्यावर राहायची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि हा राक्षसांचा गेम शाळेपासून खेळत आली होती. "ही सगळी सोडून द्या. जन्मतःच वीक आहेत. कितीही ट्रेन केलंत तरी वर यायची नाहीत."

"सोडून दिली की कुठे जातात?"

"कुठे जाणार? डिलीट होतात."

ऋतिकाने बटणावरचा अंगठा उचलला. "दुसरा बॉक्स उघडता येतो ना?"

"येतो की. बोर्ड लावा बाहेर, अनाथाश्रम म्हणून," स्वराली म्हणाली. मग तिची नजर मुक्ताईच्या बारीक मानेकडे गेली आणि ती उगीचच चार्जरची वायर गुंडाळायला लागली.

मुक्ताई सातव्या महिन्यात जन्मली होती. त्याआधी ऋतिकाला डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा मोठ्या मुलाला, तेजसला, थोडे दिवस लोणी काळभोरला आजी-आजोबांकडे ठेवायचं ठरलं. तिच्या नवऱ्याने, साईनाथने, त्याला गाडीत बसवलं तेव्हा तो हात सोडत नव्हता. एकेक बोट सोडवावं लागलं होतं. मग काचेची पेटी आली, नळ्या आल्या, मग घर आलं, पण शिंकणाऱ्या कुणालाही आत घ्यायचं नाही अशी ताकीद आली. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष सरलं. आजोबांच्या, आप्पासाहेबांच्या, शब्दावर लोणीच्या शाळेने तेजसला वर्गात बसू दिलं होतं. आता शाळा दाखला मागत होती. कोथरूडच्या शाळेतून एकदा दाखला काढला की इथली जागा गेली, आणि जागेबरोबर तो.

मुक्ताई सावरल्यापासून ऋतिका त्याला आणायला जायची आणि प्रत्येक वेळी एकटीच परतायची. तेजस भांडत नसे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून बसे आणि गेम खेळत राही. गेल्या रविवारी मात्र तो वर न बघता म्हणाला होता, "या गेममध्ये मला हरव. एकदाच खेळायचं. हरवलंस तर येतो. न्हाई तर दाखला द्यायचा."

बाजेवर बसलेले आप्पासाहेब खूश झाले होते. "ऐकलंस ना, ऋतिका? शब्द दिलाय पोरानं. आपल्या घरात दिलेला शब्द फिरवत न्हाईत. तू बी फिरवायचा न्हाई."

मथुराबाईंनी नातवाच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली होती, तो नको म्हणत असताना.

घरी आल्यावर साईनाथ म्हणाला होता, "नऊ वर्षांचा आहे तो, ऋतिका. उचलून आणू शकतो आपण."

"उचलूनच पाठवला होता," ती म्हणाली होती. त्यानंतर साईनाथने तो विषय काढला नाही. संध्याकाळी ऑफिसातून आला की मुक्ताईला मात्र गुपचूप तिच्याकडून घेऊ लागला.

गेम सोपा वाटे आणि सोपा नव्हता. सहा राक्षसांची टीम, मैदानात एका वेळी एकच. आग झाडाला जाळते, पाणी आगीला विझवतं, झाड पाणी पिऊन टाकतं. प्रत्येकाला चार चाली. तेजस एवढे डाव जिंकला होता की त्याच्या नावापुढे सोनेरी पट्टा होता. त्याच्या राक्षसांना त्याने लोणीत गेल्यावर नवी नावं दिली होती: चांद्या, मोत्या, सोन्या. आणि सर्जा. सर्जा म्हणजे निखाऱ्यांच्या शिंगांचा बैल. तेजस प्रत्येक लढाई त्याच्यापासूनच सुरू करायचा. हे ऋतिकाला पाठ होतं, कारण त्याच्या लढायांची रेकॉर्डिंग तिला आपल्या फोनवर दिसायची. वर्षभर तिने ती पाहिली होती. शाळेच्या वेळेत लढाई दिसली तर शाळा बुडवलेली. दोन दिवस काहीच दिसलं नाही तेव्हा तिने फोन केला होता, आणि खरंच ताप होता.

स्वरालीने तिची टीम पहिल्यांदा बघितली तेव्हा तिने एकेका राक्षसाच्या चाली उघडून वाचल्या आणि कपाळावर हात मारला.

"काय झालं?"

"ताई, ही टीम आहे का सोसायटीची मॅनेजिंग कमिटी? सगळे नुसते स्वतःला वाचवतायत. काम कोण करणार?"

खरं होतं. सहाच्या सहा राक्षसांना तिने 'ढाल' शिकवली होती. ढाल घेतली की समोरच्याचा पुढचा वार लागत नाही, पण त्या पाळीत आपल्यालाही वार करता येत नाही. स्वरालीने दोन ढाली काढायला लावल्या. ऋतिकाने एक काढली, मग दुसरी काढली आणि स्वराली गेल्यावर पहिली परत बसवली.

सरावात ती हरत राहिली. नेहमी सारखीच हरायची: वार करायची वेळ आली की तिला वाटायचं, समोरच्याच्या मनात काहीतरी असणार, आणि ती ढाल घ्यायची. शनिवारी सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजायची सोडून ती ओट्यापाशी उभी राहून हरली, आणि वरणाचा तळ करपला.

"उद्या पुढे ढकला," स्वराली म्हणाली. "खरं सांगते. तो तुम्हाला फोडून काढेल."

"सोमवारी दाखला द्यायचाय."

स्वरालीने मान हलवली. मग कॉलेजचं सबमिशन बाजूला ठेवून तिने ऋतिकाकडून पुन्हा अंडी उबवून घ्यायला सुरुवात केली.

रविवारी दुपारी साईनाथ मुक्ताईला घेऊन आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. ऋतिकाने लोणीला फोन लावला. मथुराबाईंनी तो स्पीकरवर टाकून बाजेवर ठेवला असावा. कोंबड्यांचा, लांबच्या विहिरीवरच्या मोटारीचा आणि कुणीतरी भांडी घासत असल्याचा आवाज येत होता. ऋतिका गेम स्वरालीच्या टॅबवर खेळणार होती. आपला फोन तिने टेबलावर, टॅबला टेकवून ठेवला.

"तेजस? जेवलास?"

"हाय तयार मी," तो म्हणाला.

त्याच्या तोंडचं ते 'हाय' तिला अजूनही टोचायचं. तिने 'लढा' दाबलं.

तिने काटेरी झाड पुढे केलं, सर्जासमोर ते जळणार हे माहीत असून. स्वरालीचीच युक्ती होती ती: सर्जाने पहिली चाल तिथे खर्च करावी आणि मग पाण्याचा राक्षस आणावा. पण समोर सर्जा आला नाही. समोर आला चांद्या, पाण्यातला गुबगुबीत बेडूक. झाडाच्या एका वारात गार होणारा.

"असं कसं?" स्वराली पुटपुटली. "ट्रॅप आहे. थांबा."

ऋतिकाने ढाल घेतली. चांद्याने नुसती उडी मारली. तो कसलाच वार नव्हता. लहान मुलं गंमत म्हणून ठेवतात तशी एक चाल होती. तिने पुन्हा ढाल घेतली. चांद्याने पुन्हा उडी मारली. फोनमधून कोंबडी ओरडली.

"खेळतीय का न्हाई तुझी आई?" आप्पासाहेबांचा आवाज लांबून आला.

"खेळतीय," तेजस म्हणाला.

तिसऱ्या वेळी तिचा अंगठा ढालीवर गेला आणि तिथेच थांबला. गेल्या वर्षभरात चांद्याला त्याने एकदाही पहिला पाठवला नव्हता. तिने वार केला. चांद्या गार झाला.

मग मोत्या आला, तोही चुकीचाच. मग सोन्या. प्रत्येक जण अगदी तिथेच येत होता जिथे यायला नको होता, आणि यायच्या आधी दरवेळी वेळ घेत होता, जणू नीट विचार करून निवडत होता. तिच्याही दोघांना त्याने पाडलं, तेवढ्यापुरतं तरी खरं वाटावं असं.

स्वराली पुढे झुकली. तिच्या लक्षात आलं होतं. "ताई, हा तर मुद्दाम—"

ऋतिकाने टॅबवरचा हात काढून तिच्या तोंडावर ठेवला. मग टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. स्वराली डोळे मोठे करून तशीच बसून राहिली.

त्याचे दोनच उरले, तिचे चार. मग फोनमध्ये बाज करकरली आणि आप्पासाहेबांचा आवाज एकदम जवळून आला. ते नातवाच्या मागे येऊन बसले होते.

"चार गेले तुझे? आरं काय खेळ हाय का काय! सर्जा सोड की. सर्जा कुठाय?"

"सोडतो," तेजस म्हणाला.

"आत्ता सोड. आन् नीट मार. बघतोय मी."

सर्जा आला. आता तेजसला उड्या मारता येणार नव्हत्या; खांद्यावर आजोबांची हनुवटी होती आणि आजोबांना शिंगं, आग आणि वार एवढं नक्की कळत होतं. त्याने तिचं झाड जाळलं. "हां!" आप्पासाहेब म्हणाले. त्याने तिचं दगडी कासव फोडलं, ढाल संपल्यावर दुसऱ्याच फटक्यात. पाण्याचा राक्षस तिने आणला तेव्हा स्वरालीने दोन्ही मुठी आवळल्या, पण सर्जा वेगवान होता. पाण्याच्या राक्षसाने जाता जाता एक वार केला आणि सर्जाची ताकद पावभर उरली.

तिचा एकच उरला. हिमप्रदेशातला केसाळ, मंद राक्षस. एक फटका बसला की संपला. त्याच्याजवळ एक बऱ्यापैकी वार होता, आणि ढाल होती, जी तिने स्वराली गेल्यावर गुपचूप परत बसवली होती.

फोनमधला भांड्यांचा आवाज थांबला होता. तेजसच्या बाजूची घड्याळपट्टी हळूहळू रिकामी होत होती. तो निवडत नव्हता. तिला त्याचा श्वास ऐकू येत होता, नाक चोंदल्यावर लहानपणी यायचा तसा. साधा एक फटका मारला असता तर सगळं संपलं असतं. आजोबांसमोर तेजस तो कसा टाळणार, हे तिला दिसत नव्हतं. तिला काहीच दिसत नव्हतं. तिच्या घराचं दार आणि लोणीची गाडीवाट यांच्यामध्ये हा एक बैल उभा होता आणि त्याच्यापुढे तिचा हा केसाळ गोळा.

पट्टी संपायच्या बेताला सर्जाने मान खाली घातली. खूर जमिनीवर घासला. धुळीचा लोट उठला, शिंगं पांढरी होईतो तापली, अख्खा टॅब थरथरला.

"हे बघ! हे बघ माझा वाघ!" आप्पासाहेब ओरडले. "मथुरे, ये हिकडं! आता उडिवतो बघ तिला!"

"महाधडक," स्वराली कुजबुजली. "पुढच्या फेरीत आदळणार. ढाल घ्या, ताई. ढाल!"

ऋतिकाने त्या चालीचं नाव वाचलं. ती चाल सर्जाकडे होती हेही तिला माहीत नव्हतं. कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये त्याने ती वापरली नव्हती. कुणी शहाणा खेळाडू वापरत नाही. एक फेरी तयारीत जाते, आणि त्या फेरीत बैल नुसता उभा असतो, बाजू उघडी टाकून. दिसायला मात्र हिच्याइतकी दणदणीत दुसरी चाल नाही.

तिचा अंगठा ढालीवर होता. तो तिथून निघेना. स्वराली तिचा दंड हलवत होती, "ढाल, ढाल," आणि आप्पासाहेब हसत होते, आणि त्या सगळ्याच्या खाली तेजसचा श्वास अजिबात येत नव्हता. त्याने तो धरून ठेवला होता.

तिने वार केला.

सर्जा गुडघ्यांवर आला. शिंगं विझली. त्याच्यामागून शेवटचा म्हणून आला तो एक चिमुकला पक्षी. तो पुढच्याच फेरीत पडला, आणि त्याच्याकडे कुणी पाहिलंही नाही.

फोनमध्ये बाज पुन्हा करकरली.

"हरला की रं," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला होता.

"गेमचं काय खरं असतं व्हय?" मथुराबाई घाईने म्हणाल्या. "अजून एकदा खेळ, माझ्या राजा. ती खेळंल. खेळशील ना गं, ऋतिका?"

ऋतिकाने तोंड उघडलं, पण तिच्या आधी तेजस बोलला.

"न्हाई आज्जी. शब्द दिलाय."

आणि तो रडायला लागला. खोटं नव्हतं ते रडणं. मोठ्याने, शेंबूड ओढत, आजीच्या पदरात तोंड घालून; आवाज कापडातून यायला लागला. मथुराबाईही काहीतरी पुटपुटत होत्या, ते कळत नव्हतं. स्वराली उठून खिडकीपाशी गेली.

ऋतिकाने डोळे पुसले आणि घसा साफ केला. मग तिने अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असा, कडक आवाज काढला.

"तेजस. हरलास म्हणजे हरलास. आता रडायचं नाही. संध्याकाळी बाबा आणि मी येतो. ऊठ, बॅग भर."

फोन उचलल्याची खरखर झाली. पावलं. एक दार लागलं. कोंबड्या, मोटार, बाज, सगळं मिटलं. त्याने स्पीकर बंद केला होता.

"भरलेली आहे," तो हळूच म्हणाला.

कधीपासून, ते तिने विचारलं नाही.