वाऱ्याचा काटा

जळगावात दाणाबाजाराच्या तोंडाशी माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे. नाव भटू, पण बाजारात सगळे भटूनाना म्हणतात. स्वभाव तिखट आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला दुसऱ्यांकडून ऐकायला नको. व्यापाऱ्यानं तराजू आणला की मी वजन या पारड्यात आणि माल त्या पारड्यात टाकतो, मग दोन्हींची अदलाबदल करतो. दोन्ही वेळा काटा मधोमध उभा राहिला तरच तो तराजू खरा. "राहू द्या हो नाना, बरोबरच आहे" म्हणणाऱ्याला मी दुकानाची पायरी उतरायला लावतो.

छत्तीस सालच्या संक्रांतीनंतर जीवराम आला. एरंडोलकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, जिनिंगमध्ये इंजिनावर कामाला. आल्या आल्या म्हणाला, "नाना, मी विमान बांधतोय."

मी म्हटलं, "बांध. तोवर मी आगबोट बांधतो."

तो हसला नाही की चिडला नाही. "येऊन तर बघा," एवढंच म्हणाला.

गेलो, आणि खोटं कशाला बोलू, तोंडात बोट घातलं. त्याच्या शेतातल्या गुरांच्या गोठ्यात पंख उभे होते. यावलच्या रानातले बांबू, त्यावर धुळ्याच्या गिरणीचं कापड, वरून खळ आणि वार्निश. पुढे मोडीत घेतलेल्या मोटारसायकलचं इंजिन. नकाशा कुठल्याशा इंग्रजी मासिकातून काढलेला. एकेक गाठ अशी मारलेली की मला, म्हणजे मला, बोट ठेवायला जागा सापडली नाही. हा माणूस दिवसभर जिनिंगचा धूर खाऊन संध्याकाळी हे करत होता, तेही तीन वर्षं.

"मग माझ्याकडे काय काम?" मी विचारलं.

"वेग कळायला हवा, नाना. ताशी पस्तीस मैलांच्या खाली आलं की हे पंख वारा धरत नाहीत. विमान सरळ खाली पडतं. वेगाचं यंत्र विलायतेहून मागवायचं तर बैलजोडी विकावी लागेल, आणि बैलांना आई हात लावू देणार नाही."

मी ते यंत्र आठ दिवसांत केलं. पितळेचा एक पत्रा बिजागरीवर टांगला. वारा लागला की पत्रा मागे ढकलला जाईल, त्याला मोडक्या ताणकाट्याची स्प्रिंग अडवेल, आणि पत्र्याला जोडलेली सुई तुपाच्या डब्याच्या पत्र्यावर फिरेल. पंखाच्या खांबाला बांधलं की बसल्या जागेवरून दिसेल. यात विलायती काही नव्हतं, स्प्रिंग सोडून.

आता सुईखाली आकडे टाकायचे कसे? माझा साडू भाईदास पॅसेंजरवर गार्ड. दुपारच्या गाडीनं त्याच्या डब्यात बसून मी जळगावहून भुसावळला निघालो. यंत्र बाहेर धरलं. रुळांच्या कडेला मैलाचे दगड असतात. एक मैल दोन मिनिटांत सरला तर वेग तीस, दीड मिनिटात सरला तर चाळीस. भाईदास घड्याळ बघून ओरडायचा, मी पत्र्यावर रेघ मारायचो. भुसावळला उतरलो, दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून मोटारीनं परत आलो. त्या दिवशी माझी छाती काय फुगली होती म्हणून सांगू.

उडवायचा दिवस ठरला तो होळीनंतरचा. जीवरामच्या शेताशेजारी पडीक माळ होता. सकाळी सातची वेळ, पण तालुक्याचे साहेब दहाला उगवले, मग हारतुरे, मग भाषण. निम्मा दाणाबाजार लोटला होता, आणि मी पुढच्या रांगेतल्या व्यापाऱ्यांना वेगाचं यंत्र कुणी केलं ते तीन तीनदा ऐकवत होतो.

भाषण ऐकवेना म्हणून मी जरा बाजूला गेलो. खळ्यात जीवरामची आई, सुगंधाबाई, तिवईवर चढून दादर ज्वारी उपणायला लागली होती. दाणे पायाशी पडत होते आणि भुसा उडून जात होता.

"आक्का, आज तरी राहू द्यायचं," मी म्हटलं.

"भटू, वारा कोनासाठे थांबस का?" ती म्हणाली. "या दिनमा रोज मावळतीना वारा चालस. बठ्ठा भुसा उगवतीकडे जास."

भुसा खरंच उगवतीकडे चालला होता, आणि बघता बघता मला भुसावळची गाडी आठवली. त्या दुपारी गाडीतून मी असंच एक खळं पाहिलं होतं. तिथलाही भुसा भुसावळकडे, आम्ही चाललो होतो त्याच दिशेनं पळत होता. म्हणजे वारा गाडीच्या पाठीमागून होता. गाडी चाळीसनं पळत होती, पण दहाचा वारा पाठीला असला तर पत्र्याला लागला तीसचाच. आणि मी तिथे चाळीसची रेघ मारली होती. जन्मभर दोन्ही पारडी तपासणारा मी, परतीच्या गाडीनं यंत्र धरून आलो नव्हतो.

जीवराम सुईवर चाळीस बघेल आणि निर्धास्त राहील. खरा वेग असेल तीस. तो पडेल.

मी पळत गेलो. जीवराम विमानात चढून बसला होता. पुढच्या रांगेत माझी सगळी गिऱ्हाइकं. मला अक्कल कुठे राहिली होती, मी खोटं बोललो. "स्प्रिंग सैल झालीय, आज राहू दे," मी हळूच म्हटलं.

"मग आवळून घेतो नाना, दोन मिनिटांचं काम," म्हणत त्यानं खिशातून पान्हा काढला.

मी त्याचा हात धरला. मी मोठ्यानंच म्हटलं, "स्प्रिंग ठीक आहे. माझं माप चुकलंय. काटा दहानं जास्त दाखवतो."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आमचे तराजू किती दाखवतात, नाना?" लोक हसले. साहेबांची मोटार निघाली, तिच्यामागे बाजार निघाला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही ते बरं झालं.

जीवराम खाली उतरला. मी त्याला गाडीच्या पाठीमागच्या वाऱ्याचं सांगितलं. तीन वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्याची मी माती केली होती. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. त्यानं विचारलं, "भुसावळची पहाटेची गाडी किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो आणि आलो, तिसऱ्या दिवशी पुन्हा गेलो आणि आलो. पहाटे, वारा पडलेला असताना. जुन्या रेघा कानशीनं घासून काढल्या आणि नव्या मारल्या.

चार दिवसांनी उजाडताना तो उडाला. बघायला आम्ही तिघंच होतो, सुगंधाबाई, भाईदास आणि मी. ते कापडाचं पाखरू माळावरून धडधडत गेलं आणि चाकांखाली उजेड दिसला. बाभळींच्या वरून गेलं. मी आयुष्यात काही पाहिलं असेल तर ते. वळताना मात्र नाक वर झालं, एक पंख लटलटला. मग नाक खाली आलं, विमान सावरलं, आणि जरा वेळानं उड्या मारत मातीवर टेकलं.

जीवराम घामानं भिजला होता. "वळताना सुई अडतीसवर आली, नाना. बघितली आणि दांडी पुढे लोटली, नाक खाली गेलं की वेग वाढतो."

मी मनात हिशेब केला. जुन्या रेघांवर तीच सुई अठ्ठेचाळीस म्हणाली असती, आणि यानं दांडी आणखी ओढली असती. मी तिथेच बसलो.

सुगंधाबाई त्या दिवशी खळ्यातच होती; काटा बिघडला एवढंच तिला ठाऊक होतं. ती भाकरीचं फडकं सोडत होती. मला घास उतरला नसता, म्हणून मी तिला सगळं सांगितलं. रेघा, वारा, पुढच्या रांगेपायी बोललेलं खोटं. माझ्यामुळे तुझा मुलगा आज इथे नसता, हेही सांगितलं.

तिनं ऐकलं. माळावर इंजिन पुसत उभ्या असलेल्या मुलाकडे तिनं पाहिलं.

"मन्हा पोऱ्या नीट खाले उना ना?" ती म्हणाली, आणि भाकरी माझ्या हातावर ठेवली. "मंग जेवी ले."