न आलेलं जहाज

"जहाज यायलाच हवं, अग्निया ल्वोव्हना," संपादक रोदियोन साविच चष्मा पुसत म्हणाले. "आपली माणसं आपल्याच बाईला परक्या ग्रहावर टाकून देतात, हे मी छापू कसं?"

"टाकून देत नाहीत. त्यांना पोहोचता येत नाही."

"हा फरक वरच्यांना कोण समजावणार? मी? तीन वर्षं तुमचं बाड सांभाळलंय. या वर्षीच्या यादीत शेवटची जागा उरलीय. दोन पानं बदला, बस."

माणूस वाईट नव्हता, म्हणून तर अग्नियाला भांडता येईना.

दिवसा ती लेनिनग्राडमधल्या एका तांत्रिक मासिकात मुद्रितं तपासायची. लिहायची ते पहाटे, पाच कुटुंबांच्या सामायिक स्वयंपाकघरात. शेजारीण क्लावदिया बटाटे सोलायला आली की टेबल रिकामं करावं लागे.

"कुठवर पोचलीस गं आज? मंगळावर?"

"त्याच्या खूप पुढे."

"मग येताना साबण घेऊन ये बाई. इथं तर दुकानात नुसती रांग दिसते."

कादंबरीतली बाई दूरच्या ग्रहावर हवामान नोंदवणारी. सोबतचे सगळे गेलेले, ती एकटी जहाजाची वाट पाहते. ही वाट अग्नियाला शोधावी लागली नव्हती. एकोणीसशे एक्केचाळीसच्या शरद ऋतूत तिचा नवरा वेनियामिन आघाडीवर गेला आणि 'बेपत्ता' एवढंच लिहिलेला कागद घरी आला. मेला म्हणावं तर तसं कुणी सांगितलं नाही. आज त्याला तेवीस वर्षं झाली होती.

त्या आठवड्यात तिने दोन पानं लिहिली. जहाज उतरलं, कप्तानाने बाईला मिठी मारली. लिहिताना हात अडखळला नाही, हेच तिच्या मनाला लागलं.

पुस्तक छापून आलं आणि आठ दिवसांत सगळ्या प्रती संपल्या. पत्रं आली, आमंत्रणं आली. व्होल्गाकाठच्या एका गावी सूतगिरणीच्या वाचनालयात ती बोलायला गेली. गिरणीतल्या वीसेक बाया कामाच्या पाळीवर जाण्याआधी आल्या होत्या. प्रश्न संपत आले तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई उठली. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, अंगात कोट तसाच.

"पुस्तक चांगलं आहे तुमचं. शेवट तेवढा खोटा आहे."

वाचनालयाची बाई गडबडली. "अहो प्रस्कोव्या, पाहुण्यांशी असं बोलतात का!"

"का नको बोलू? दोन वेळा वाचलंय मी. माझा माणूस बेचाळीसपासून बेपत्ता आहे. कुठं आलं जहाज?"

संपादकांचं म्हणणं, छापखान्याची घाई, असं पुष्कळ काही सांगता आलं असतं. अग्निया म्हणाली, "जहाज येत नाही. मी पहिल्यांदा लिहिलं होतं तेव्हा आलं नव्हतं."

"मग ती काय करते?"

"सकाळी उठते. वाऱ्याची दिशा बघते, तापमान टिपते, पृथ्वीला कळवते."

"उत्तर येतं?"

"नाही."

"तरी रोज कळवते?"

"रोज."

"हां. हे बरोबर आहे," प्रस्कोव्या म्हणाली. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. तिने रुमालाची गाठ हनुवटीखाली घट्ट केली आणि बाकीच्या बायांबरोबर ती कामावर निघून गेली.