माझ्या शेजारचा लाडका रकाना

मित्रांनो, मी एक जुना रकाना आहे. वहीतला नव्हे, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या संगणकातला. तिथे रुग्णांचा एक लांबलचक तक्ता आहे. नाव, वय, फोन यांच्या पलीकडे 'पुढची तपासणी' अशी पाटी डोक्यावर घेऊन मी उभा आहे. मला बनवणाऱ्याने घाईघाईत मला तारखांचा नव्हे, नुसत्या अक्षरांचा रकाना बनवलं. त्यामुळे माझ्यात कोणी तारीख लिहिली, तरी मला ती नुसती आकड्यांची आणि रेघांची ओळ वाटते. तिचा वार कोणता, महिना कोणता, मला काही कळत नाही.

तरीही माझे दिवस सुखाचे होते. काउंटरवरच्या मावशी चष्मा सावरत माझ्यात तारखा भरायच्या; आधी दिवस, मग महिना. रोज सकाळी मला वाचून त्या रुग्णांना फोन करायच्या. "माझा रकाना बघितल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही," असं म्हणायच्या. त्या 'माझा' शब्दाने मी फुलून जायचो.

पुढे गर्दी वाढली आणि मावशींच्या मदतीला एक नवा कारकून आला. आधीच्या नोकरीतल्या सवयीने तो महिना आधी आणि दिवस नंतर लिहायचा. मी दोघांचंही मुकाट्याने ठेवून घ्यायचो. दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक काका होते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तपासणी होती पाच मार्चला. कारकुनाने लिहिलं, ०३/०५. मावशींनी वाचलं, तीन मे. मार्चमध्ये काकांना फोन गेलाच नाही.

काका आले ते सुनेचा हात धरून. डोळा लालभडक झालेला.

"इतकं दुखत होतं, तर आधी का नाही आलात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तुमचा फोन येईल म्हणून थांबलो होतो," काका म्हणाले.

सून भडकली. "बाबांचं सगळं ब्रशवर चालतं हो! रेघच दिसली नाही, तर त्यांनी करायचं काय?"

डोळा वाचला, पण बारीक अक्षरं काकांना पुन्हा काढता येईनात. त्या दिवशी मावशी डबा न उघडताच घरी गेल्या.

मग एक प्रोग्रामर आली. मला बघून म्हणाली, "ही तारीख नाहीच. हे नुसतं लिखाण आहे." ते माझ्या फार जिव्हारी लागलं. तिने माझ्याच शेजारी नवा रकाना बनवला, खऱ्या तारखांचा. कारकुनाच्या ओळी तिने वेगळ्या काढल्या, कुठे दिवस आधी आणि कुठे महिना आधी ते नव्या रकान्याला नीट सांगितलं, आणि माझ्या तारखा त्याच्यात उतरवल्या. माझंच सामान शेजारच्या घरात चाललं होतं आणि मी बघत होतो.

मित्रांनो, माझा नुसता जळफळाट झाला. काय त्याचे लाड! त्याच्या पोटात तारीख एकच, पण बाहेर पडताना हवा तो पोशाख. रुग्णाच्या मोबाइलवर 'गुरुवार, १२ जून, दुपारी साडेचार', तर डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर आटोपशीर '१२ जून, १६:३०'. "सहा आठवड्यांनी कोणती तारीख?" विचारायचा अवकाश, उत्तर तयार! क्रमाने लावायला सांगितलं, तर जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी. मी मात्र नुसता पहिला आकडा बघून एकाच वर्षातला एक डिसेंबर दोन जानेवारीच्या आधी बसवतो.

एकदाच मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. काही ओळींत तो रिकामाच राहिला. माझ्यात तिथे '३१/०२' लिहिलेलं होतं आणि ते त्याने घेतलंच नाही. म्हटलं, आता याची फजिती! आता मावशी म्हणणार, जुनाच बरा होता.

"अगं, हा इथे कोरा कसा?" मावशींनी विचारलं.

"मावशी, एकतीस फेब्रुवारी कधी बघितलीत का?" प्रोग्रामर हसली. "थाप मारण्यापेक्षा कोरा राहिला ते बरं. निदान विचारायला हवं, एवढं तरी आपल्याला कळलं."

मावशींनी त्या प्रत्येक रुग्णाला फोन लावून तारीख ठरवून घेतली. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "गुणाचा आहे हो हा!" इतक्या वर्षांत मला त्या असं कधी म्हणाल्या नव्हत्या.

आता माझ्यात कोणी काही लिहीत नाही. पुढच्या साफसफाईत मला काढून टाकायचं ठरलं आहे. जाण्यापूर्वी एक मागणं आहे. तारीख लिहाल तेव्हा महिना अक्षरांत लिहा. कोणाचा तरी डोळा त्यावर अवलंबून असतो. आणि कोणाला काही जपायला द्याल, तेव्हा ते काय आहे हेही त्याला समजावून सांगा. शेजाऱ्याला ते पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं. मला मात्र कोणी कधी सांगितलंच नाही.