एक सन्माननीय सदस्य

शेवटच्या साध्या दिवशी बाबा रुग्णालयाच्या लिफ्टवर बेहद्द खूश होते.

हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलं होतं. दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते. स्ट्रेचरवर पडल्यापडल्या त्यांनी वर-खाली जाताना लिफ्टची सगळी खबरबात काढली होती.

"दार लागताना एवढासाही धक्का नाही," ते मुलीला सांगत होते. "आत तपासणीचा दाखला लावलाय, या वर्षीचा. सहीसुद्धा ओळखीची वाटली."

"तुम्ही ऑपरेशनला आलात की ड्युटीवर?" मुलगी म्हणाली.

बाबा निवृत्त लिफ्ट निरीक्षक. उभा जन्म त्यांनी लोकांच्या लिफ्ट तपासण्यात घालवला आणि त्या कामातला एक प्रश्न घरी आणला: त्याच्या आधी काय झालं? लिफ्ट अडकली, त्याच्या आधी काय झालं? दार नीट लागलं नाही. त्याच्या आधी? असं मागे मागे जात ते थेट मुळाशी पोचायचे. घरात मात्र या प्रश्नानं सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. एकदा आई म्हणाली, दूध उतू गेलं. बाबांनी विचारलं, त्याच्या आधी काय झालं? आई म्हणाली, "तुम्ही मला हाक मारलीत." आणखी एकदा बिघाड शोधायला दुपारभर मिक्सर उघडून बसले, आणि संध्याकाळी कळलं की वीजच गेली होती. ती गोष्ट पाहुण्यांना सांगताना आई त्यांच्याकडे बघायचीही नाही. ते स्वतःच सगळ्यात आधी हसायचे.

त्यांच्या वयाकडे बघून डॉक्टरांनी एक रात्र हृदयाच्या ठोक्यांचं यंत्र लावून ठेवलं होतं. ते मध्येच टीं टीं ओरडायचं. नर्स यायची, बटण दाबायची, जायची. तिसऱ्या खेपेला बाबांनी तिला गाठलंच.

"हे उगाच ओरडतं का?"

"असंच ओरडतं, आजोबा. बोटाची क्लिप सरकली तरी ओरडतं."

"आणि खरंच काही झालं, तर वेगळं ओरडतं?"

नर्सला हसू आलं. "नाही, तसंच."

"मग तुम्हाला कळतं कसं?"

"सवयीनं," ती म्हणाली. तेवढ्यात तिला पलीकडच्या खाटेवरून हाक आली.

बाबांचे डोळे चमकले. एखादी अवघड लिफ्ट सापडली की चमकायचे तसे. "ऐकलंस? एक दिवस हिला कंटाळा येणार आणि ही आवाजच कमी करून टाकणार. मीही तेच केलं असतं."

"बाबा, पुरे. त्यांना कामं आहेत. उद्या घरी या आणि हवा तेवढा मिक्सर उघडा."

"उद्या चपला आण," बाबा म्हणाले. "बूट नकोत. वाकायचं नाही म्हणालेत."

तिनं घरी जाऊन चपला पिशवीत घालून दाराशी ठेवल्या. पहाटे फोन आला तेव्हा तीच पिशवी उचलून ती निघाली.

वॉर्डाबाहेर एक तरुण डॉक्टर उभी होती. रात्रभराच्या जागरणानं तिचा चेहरा ओढला होता. "अचानक झालं," ती म्हणाली. "आम्ही खूप प्रयत्न केले."

"हो," मुलगी म्हणाली.

एवढंच. पुढं कितीतरी दिवस तिला त्या "हो"चं नवल वाटत राहिलं. बाबांच्या खात्यात "अचानक" हा शब्द चालत नसे. एका नव्या निरीक्षकानं अहवालात लिहिलं, लिफ्ट अचानक थांबली. बाबांनी अहवाल परत पाठवला. वर शेरा मारला: लिफ्ट थांबते. अचानक आपल्याला वाटतं.

आणि आता तोच शब्द त्यांच्या नावापुढं येऊन बसला होता. जो तो येऊन तोच उच्चारून जायचा. काका म्हणाले, "अचानक गेला, सुटला. कुणाला त्रास दिला नाही." आई म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं ना, तर हे उद्या सकाळी चौकशीला गेले असते."

मुलीनं चौकशी केली नाही. मन धजावलं नाही म्हणावं, तर तसंही नव्हतं. तिला विचारायची सवयच नव्हती. ती विधिमंडळात प्रतिवेदक होती. सभागृहात अध्यक्षांच्या आसनापुढं एक छोटं टेबल असतं, तिथं बसून सदस्य बोलतील ते शब्दन् शब्द लघुलेखनात उतरवायचं, मग खोलीत जाऊन टंकून द्यायचं. त्या टेबलाशी बसणाऱ्यानं बोलायचं नाही, मान डोलवायची नाही, विनोदाला हसायचं नाही. हशा झाला तर कंसात "हशा" लिहायचं. इतकी वर्षं ती सभागृहात रोज बसत होती आणि त्या छताखाली तिनं एक शब्दही काढला नव्हता.

पुढच्या अधिवेशनात ते विधेयक आलं. आरोग्यसेवेची सुरक्षितता आणि दर्जा यांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण नेमायचं विधेयक. तिची पाळी दुपारची होती. विरोधी बाकांवर एक आडदांड सदस्य उभे होते. प्रतिवेदकांनी आपापसात त्यांचं नाव "भोंगा" ठेवलं होतं, कारण त्यांना माईक लागत नसे.

"हॉटेलच्या स्वयंपाकघरात झुरळ निघालं तर निरीक्षक येतो," भोंगा म्हणत होते. "लिफ्ट अडकली तर निरीक्षक येतो. वजनकाट्यालासुद्धा वाली आहे, अध्यक्षमहोदय. आणि माणूस ऑपरेशनच्या टेबलावर असला, तर त्यानं कुणाकडे बघायचं?"

"तुमच्या भाषणावर निरीक्षक कधी नेमायचा?" समोरून कुणीतरी विचारलं.

तिनं लिहिलं: एक सन्माननीय सदस्य. कोण बोललं ते नक्की कळलं नाही की नोंदीत असंच लिहितात. पुढं कंसात: हशा.

सत्ताधारी बाकांवरच्या एक सदस्य मूळच्या डॉक्टर होत्या. त्या उठल्या आणि सभागृह जरा शांत झालं. "भीती घातली की माणूस चूक सुधारत नाही, झाकतो," त्या म्हणाल्या. "मी स्वतः झाकलेली आहे. नियामक पोलिसासारखा येणार असेल तर मला नको. शेजारी बसून ऐकणारा असेल तर उद्या आणा."

तिची पेन्सिल क्षणभर रेंगाळली. बाबा असते तर म्हणाले असते, या बाईंना चहाला बोलाव.

मग गाडी एका शब्दावर अडली. मसुद्यात होतं: मृत्यूचं कारण स्पष्ट नसल्यास प्राधिकरण चौकशी करू शकेल.

"शकेल कशाला?" भोंगा गरजले. "करील म्हणा. शकेन तर मीही. मी रोज सकाळी पळायला जाऊ शकेन."

हशा. या खेपेला अध्यक्षही हसले. ते मात्र नोंदीत येत नाही.

आरोग्यमंत्री शांतपणे उत्तर द्यायला उठले. माणूस सज्जन, आवाज मऊ. "प्रत्येक घटनेची चौकशी अशक्य आहे. सन्माननीय सदस्यांनी समजून घ्यावं. काही घटना अचानक घडतात."

तिनं तेही लिहिलं. पाळी संपली, ती खोलीत आली, मजकूर टंकून पुढं पाठवला आणि खिडकीशी चहा घेत उभी राहिली. थोड्या वेळानं मुख्य प्रतिवेदकांचं बोलावणं आलं. त्यांना सगळे "स्वल्पविराम" म्हणत. दुसऱ्यांच्या मजकुरात ते स्वल्पविराम घालत, आणि बोलतानाही वाक्याच्या मध्येच थांबत.

"बसा," ते म्हणाले. "हे, कोण म्हणालं?"

पानावर तिचाच मजकूर होता.

आरोग्यमंत्री : काही घटना अचानक घडतात.
एक सन्माननीय सदस्य : त्याच्या आधी काय झालं?

"मागच्या बाकांवरून कुणीतरी," ती म्हणाली. "असेल."

"ध्वनिमुद्रण मी, पुन्हा पुन्हा ऐकलं. कुणीच नाही."

तिनं पुन्हा पान बघितलं. अक्षरं चोख होती, विरामचिन्हं जागच्या जागी. कानात तर तो आवाज अजून होता, आणि तो मागच्या बाकांवरचा नव्हता. किंचित घोगरा, कुतूहलानं भरलेला, उत्तर मिळेपर्यंत वाट बघणारा. कुणाचा, ते कळताच तिनं पान त्यांच्याकडे परत सरकवलं.

स्वल्पविराम तिच्याकडे न बघता पेन्सिलीला टोक करत बसले. "वडील?" त्यांनी विचारलं. ते गेल्याची रजा तिनं त्यांच्याकडेच मागितली होती.

"हं."

"वाक्य चांगलं आहे. सगळ्या चर्चेत, हेच विचारायला हवं होतं. पण बोललं गेलेलं नाही." त्यांनी त्यावर एक बारीक रेघ मारली. "नोंदीत यायचं तर, बोलावं लागतं."

"शकेल" आणि "करील"चा तंटा काही मिटला नाही. विधेयक समितीकडे गेलं आणि समितीनं जाहीर केलं की सामान्य लोकांचंही ऐकून घेतलं जाईल. दोन-तीन दिवसांनी स्वल्पविरामच तिच्या टेबलाशी आले.

"नियमपुस्तक बघितलं. आपल्या कर्मचाऱ्यानं समितीपुढं साक्ष द्यायला मनाई नाही. परवानगीही नाही. आजवर कुणी, विचारलंच नव्हतं."

"म्हणजे मी देऊ शकेन?"

"शकेन की देईन," ते म्हणाले, "ते तुमचं तुम्ही ठरवा."

साक्ष देणार असल्याचं घरी तिनं आईला सांगितलं. आई कपडे घड्या घालत होती. बाबांचा शर्ट हातात होता. तिनं त्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "रुग्णालयातल्या लोकांवर ओरडू नकोस," ती म्हणाली. "हे कधी कुणावर ओरडले नाहीत. विचारून विचारून जीव मात्र खायचे."

समितीच्या खोलीत ती पहिल्यांदाच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसली. तिथून सगळं वेगळंच दिसत होतं. सदस्यांचे चेहरे जवळ आले होते, आणि प्रतिवेदकाचं टेबल इतकं लहान होतं की आपण तिथं मावत कसे होतो याचं तिला आश्चर्य वाटलं. त्या टेबलाशी आज पाळी नसताना स्वल्पविराम स्वतः बसले होते. समितीनं रुग्णालयालाही बोलावलं होतं. भिंतीकडच्या खुर्च्यांवर त्यांचे व्यवस्थापक होते आणि त्यांच्या शेजारी ती तरुण डॉक्टर. डॉक्टरनं तिला ओळखलं. मान खाली घातली नाही, फक्त एका हातानं दुसरा हात घट्ट धरला.

समितीच्या अध्यक्षबाईंनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. "सावकाश बोला. आपल्या वडिलांना काय झालं होतं?"

"अचानक," ती सुरू झाली. जीभ आपसूक तिकडेच वळली. ती थांबली. स्वल्पविरामांची पेन्सिलही थांबली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "त्यांना लावलेलं यंत्र उगाच ओरडायचं, हे माहीत आहे. खरंच काही झालं तरी ते तसंच ओरडतं, हेही माहीत आहे, कारण ते त्यांनी आदल्या दिवशीच विचारून घेतलं होतं. पहाटे ते गेले होते. मधलं मला कुणी सांगितलं नाही. मीही हो म्हणाले."

तिनं खुर्ची वळवली, भिंतीकडे. रागानं बोलायचं तिनं ठरवलं असतं, तरी तो राग तिला त्या क्षणी सापडला नसता. ती जरा पुढं झुकली, बाबा झुकायचे तशी. उत्तर काय येईल ते तिला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ते तिला हवं होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "त्याच्या आधी काय झालं?"