चव बघ

हॉटेलच्या दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, दहा देशांचं जेवण, हवं तितकं खा. सासूबाईंनी चष्मा वर ढकलून ती पाटी वाचली आणि म्हणाल्या, आमच्या कँटीनमध्येही हवं तितकंच होतं की, देश तेवढा एकच. नवरा मोठ्याने हसला. मी हसले नाही. हसायला मी आलेच नव्हते.

आम्ही आलो होतो ते एक गोष्ट सांगायला. दोघांपुरत्या दोन खोल्या आम्ही बघून ठेवल्या होत्या. जेवण होईल, गोड समोर येईल, तेव्हा नवऱ्याने आईला सांगायचं की पुढच्या महिन्यापासून आम्ही वेगळे राहणार. घरी सांगितलं तर त्या रडतील, चार लोकांत गप्प बसतील, ही अक्कल माझी. नवरा आठवडाभर आज नको उद्या करत होता. मीच त्याला इथे आणलं होतं.

कारण विचाराल तर मीठ. खरंच, मीठच.

सहा महिने माझ्या डब्यात एक दिवस मिठागर असायचं आणि एक दिवस मिठाचा पत्ताच नसायचा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, समोरची अक्षरं वाचायला लावायची, काच बदलून विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं? दिवसभर लोकांना दिसतंय की नाही हे बघायचं आणि दुपारी डबा उघडून पहिल्याच घासाला तोंड वाकडं करायचं. दुकानातली दुसरी मुलगी म्हणायची, तुझी सासू तुला खारवतेय गं, मुरलीस की बरणीत भरेल. आम्ही दोघी हसायचो. तिचं हसू तिथेच संपायचं, माझं मी घरी घेऊन यायचे आणि रात्रभर चघळायचे.

कारण या बाईने सव्वीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये चारशे माणसांना जेवू घातलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात माझ्या भाजीचा थेंब तळहातावर घेऊन, डोळे मिटून त्या सांगायच्या, मीठ चिमूटभर कमी, आणि फोडणीला घाई केलीस. एकदा तर बाहेरच्या खोलीत बसून नुसत्या वासावर म्हणाल्या, डाळ खाली लागतेय, बघ. अशा बाईचा हात तिघांच्या स्वयंपाकात चुकेल? नवरा म्हणायचा, होतं कधीतरी. चुकत नाही, मुद्दाम होतंय. मुद्दाम हा शब्द मी मनात इतक्यांदा घोळवला की तो गुळगुळीत झाला.

त्यात आणखी एक. अलीकडे त्या सकाळी पळी घेऊन माझ्यामागे यायच्या. अगं, जरा चव बघ. मी केस विंचरत असायचे, बसची वेळ झालेली असायची. मला वाटायचं, परीक्षा घेतायत. मी म्हणायचे, तुम्हीच बघा, मला काय कळतंय त्यातलं. मग त्या आल्या तशा परत जायच्या. पळीखाली दुसऱ्या हाताची ओंजळ धरलेली, थेंब सांडू नये म्हणून. ती ओंजळ मला आता दिसते. तेव्हा नाही दिसली.

तर त्या दिवशी आत गेलो. लांबलचक टेबलं, त्यांवर चकचकीत झाकणांची भांडी, प्रत्येकापुढे उभी केलेली छोटी इंग्रजी चिठ्ठी. इथे वाफ, तिथे बर्फ. एकीकडे सूप, एकीकडे पिझ्झा, एका कोपऱ्यात निखाऱ्यावर मासे, दुसऱ्या कोपऱ्यात नूडल्स परतणारा आचारी, त्याच्या कढईतून जाळ वर उसळला की पोरं टाळ्या वाजवत. माणसं ताटं घेऊन अशी फिरत होती, जणू प्रत्येकाचं काहीतरी हरवलंय.

नवरा नूडल्सच्या रांगेत गेला. मी ताट घेतलं. सासूबाईंनीही घेतलं आणि माझ्या मागे उभ्या राहिल्या.

मी सूप घेतलं, त्यांनी सूप घेतलं. मी दोन टोमॅटोच्या चकत्या घेतल्या, त्यांनी मोजून दोनच घेतल्या. मी भाताचा चमचा परत ठेवला तर त्यांनीही ठेवला. मी माशाचा तुकडा उचलला तेव्हा आचाऱ्याने त्यांना विचारलं, आजी, तिखट चालेल का? त्यांनी माझ्याकडे बोट केलं, हिला दिलंत तेच. मागच्या बाईला हसू आलं. माझे कान तापले. घरात खारवायचं आणि बाहेर सावलीसारखं चिकटायचं, लोकांना वाटावं सून हिंडवते आणि म्हातारी बिचारी मागे फिरते.

पहिलं ताट संपलं, दुसरं आलं. गोडाच्या टेबलापाशी पोहोचलो तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. येताना ते कुठून आलं मला माहीत नाही. माझंच होतं, एवढं खरं.

मी वाटीत कस्टर्ड घेतलं, वर फळांच्या फोडी. मग शेजारच्या टेबलावर हात लांब केला. तिथे माशांबरोबर खायचा पांढरा सॉस होता, दाट, दुधाळ, खारवलेल्या माशाच्या वासाचा. तो मी कस्टर्डवर ओतला. चांगला डावभर.

निखाऱ्यावरच्या आचाऱ्याने मान वर केली आणि माझ्यापुरतंच म्हटलं. ताई, तो माशाचा आहे, गोडावर नाही घालत. मी हळूच म्हटलं, असू दे, आम्हाला आवडतो.

आणि सरकले बाजूला. मागून चमच्याचा आवाज आला. कस्टर्ड. फळं. मग डाव.

मासे खाणारं घर आमचं, त्यामुळे बाटण्याचा प्रश्न नव्हता. मला फक्त त्यांचं तोंड वाकडं झालेलं बघायचं होतं. एकदा. माझं सहा महिने झालं होतं तसं.

टेबलावर आम्ही दोघीच. नवरा अजून रांगेत होता. सासूबाईंनी पहिला चमचा तोंडात घातला. मी श्वास रोखून बसले. त्यांनी घोळवलं, गिळलं, दुसरा घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘छान आहे. गोड आहे, नाही?’

तिसरा चमचा. मला समोरून, हातभर अंतरावरून माशाचा वास येत होता.

‘तू का खात नाहीस?’ त्या म्हणाल्या. बोलताना त्या माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हत्या, ओठांकडे बघत होत्या. मी खाते का, खाल्लं तर ओठ कसे होतात. तेव्हा मला कळलं की सूपच्या वेळीही त्या तिथेच बघत होत्या. आणि घरी जेवताना, पहिल्या घासाला, दररोज. मी समजायचे, माझी फजिती बघतायत. चव बघ, चव बघ म्हणतो आपण. ही बाई खरोखरच चव बघत होती. डोळ्यांनी. आमच्या तोंडांवर.

मी विचारलं, कधीपासून?

त्यांनी न समजल्यासारखं केलं. मग चमचा वाटीच्या काठावर टेकवला आणि खाली बघत सांगू लागल्या. सहा-सात महिन्यांपूर्वी तो मोठा ताप आला होता ना, त्यानंतर. आधी वास गेला, मग चव. तोंडात कापूस कोंबल्यासारखं. दवाखान्यात त्या एकट्याच जाऊन आल्या होत्या. येईल कदाचित परत, नाहीतर नाही येणार, असं तिथे सांगितलं. कँटीनमध्ये असते तर निभलं असतं, म्हणाल्या. तिथे मीठ गाण्यावर मोजून पडायचं. आणि त्या माझ्यासाठी, टेबलावर बोट आपटत, हलक्या आवाजात गुणगुणल्या.

चारशे गं पानं माझी, मीठ ओंजळी चार,
पाचवी राखून ठेवते, घासाला आधार.

तिघांना हे गाणं पुरत नाही, म्हणाल्या. मध्येच कुणी हाक मारली की घातलं की नाही तेच आठवत नाही. मग कधी दोनदा पडतं, कधी पडतच नाही.

‘आम्हाला सांगायचं ना, आई.’

‘कसं सांगू? सव्वीस वर्षं लोक म्हणत, तुमच्या जिभेवर कँटीन चालतं. ती जीभच गेली म्हटल्यावर मी कोण?’ मग म्हणाल्या, ‘तुला सांगत होते की. चव बघ म्हणायचे. तेच सांगणं होतं.’

त्यांनी वाटी माझ्यापुढे किंचित सरकवली.

‘आता तू खरं सांग. हे काय खातेय मी?’

खोटं बोलता आलं असतं. नवीन पदार्थ आहे, परदेशी आहे, असंच लागतं. त्यांना कळलं नसतं. तेवढ्यासाठीच ते बोलता येईना.

‘माशांवरचा सॉस आहे त्यावर,’ मी म्हटलं. ‘मी मुद्दाम घातला. तुम्ही घ्याल म्हणून.’

त्यांनी वाटीत वाकून बघितलं. कागदी रुमालाने ओठ पुसले, मग पुन्हा पुसले, मग जीभ आतून गालावर फिरवली, जणू आता तरी काही कळेल. मग म्हणाल्या, एक चमचा खा, आणि सांग कसं लागतं. नीट सांग. तोंडदेखलं नको.

मी खाल्लं. आधी गार. मग गोड येतं न येतं तोच खारट, आणि त्यामागून समुद्रकाठी पडून राहिलेल्या मासळीचा वास थेट नाकात. मी हे सगळं क्रमाने सांगितलं. त्या मान डोलवत ऐकत होत्या. कुणी गावाकडची खबर सांगावी आणि आपलं माणूस तिथे राहिलेलं असावं, तसं ऐकत होत्या.

‘आणि मीठ?’

‘फार आहे.’

तेवढ्यात नवरा नूडल्सची ताटली घेऊन आला, खुर्ची ओढून बसला, घसा खाकरला. आई, तुला एक सांगायचं होतं, म्हणाला. मी घाईने हात वर केला आणि म्हटलं, थांब, मी सांगते. मग सगळंच सांगितलं. पळीचं, डब्याचं, वाटीतल्या सॉसचं, आणि दोन खोल्यांचंही. ते लपवलं असतं तर मघाचं खरं अर्धंच राहिलं असतं. नवऱ्याच्या नूडल्स थंड झाल्या. तो माझ्याकडे बघेना आणि आईकडेही बघेना.

खोल्यांचं ऐकून सासूबाईंनी एवढंच विचारलं, ‘उजेड येतो का तिथे?’

‘येतो,’ नवरा म्हणाला.

‘आम्ही घेत नाही त्या,’ मी म्हटलं. त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. निघताना त्या निखाऱ्याजवळ थांबल्या आणि आचाऱ्याला म्हणाल्या, मासा छान भाजला होतात. तो म्हणाला, चव आली ना आजी? त्या म्हणाल्या, आली. त्याने माझ्याकडे बघितलं. मी दार गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातात कंगवा घेऊन थांबले. भाजी शिजत होती, झाकण खडखडत होतं. हाक आली नाही. बसची वेळ होत आली तरी आली नाही.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, ‘आई, चव बघू?’

त्यांनी आधी गॅस बारीक केला. मग पळी भरली, खाली ओंजळ धरली आणि माझ्यासमोर आणली. मी जिभेवर घेतलं. मीठ नव्हतंच. त्या भाजीकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या, अगदी जवळून. मला तोंड कुठे लपवावं कळत नव्हतं, आणि लपवताही येत नव्हतं, कारण त्यांना तेच वाचायचं होतं.