मागचा आवाज

गीतांजलीने काडेपेटीएवढ्या अँप्लिफायरची आखूड वायर फोनला जोडली, दुसऱ्या टोकाला हेडफोनची पिन खुपसली आणि कालचं रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्याच सुराला ती दचकली. तानपुरा जणू तिच्या मांडीवर वाजत होता.

केयूरने, तिच्या भावाने, आपले जाडजूड हेडफोन तिला मागेच दिले होते. पण फोनवर त्यांतून इतका बारीक आवाज यायचा की ते कपाटातच पडून होते. त्यांना ताकद लागते, असं सांगून आज सकाळी तो ही डबी ठेवून गेला. बेलापूरला नव्याने सुरू होणाऱ्या गायनवृंदाच्या निवडीसाठी तिला संध्याकाळपर्यंत यमनची बंदिश पाठवायची होती. घरी केलेल्या रेकॉर्डिंगांतलं त्यातल्या त्यात बरं निवडायचं, एवढंच काम राहिलं होतं.

आता तिला सगळंच ऐकू येत होतं. आपला श्वास, खाली सोसायटीच्या गेटशी मागे येणारी गाडी, आणि या सगळ्याच्या पाठीमागे, खूप आत, आणखी एक आवाज. बाईचा. तिच्याबरोबर गाणारा.

फोनचीच काही भानगड असेल म्हणून तिने फाइल मुलाच्या टॅबलेटवर घेतली आणि वायर तिथे लावली. आवाज होताच. मग ऑफिसचा लॅपटॉप उघडला, डबीवरचं चाक हळूच पुढे सरकवलं. आता शब्दसुद्धा कळू लागले. आवाज किंचित खरखरीत, पण सूर कसा नेमका, न डगमगता लागलेला. तिने परवाचं लावलं, गेल्या आठवड्यातलं लावलं. सगळ्यांत ती बाई गात होती. गीतांजली खुर्चीवरून उठली, पुन्हा बसली, पुन्हा ऐकलं.

रियाजाच्या वेळी तिचा नवरा वरद कामावर असे, मुलगा क्लासला. घरात उरत त्या एकट्या सासूबाई.

सरस्वतीबाईंनी सुनेच्या गाण्याला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, की वाईटही. ती तानपुऱ्याचं ॲप सुरू करायची आणि त्या लगेच उठून स्वयंपाकघरात जायच्या. मग नळ सोडल्याचा आणि भांड्यांचा आवाज. त्यांना आपल्या गाण्याचा त्रास होतो हे गीतांजलीने धरूनच चाललं होतं. वर्षभर ती दार लावून, दबकत गात आली होती. आई कधी गायची का, असं तिने एकदा वरदला विचारलंही होतं; तो नुसता हसला होता.

सरस्वतीबाई बाहेर डायनिंग टेबलाशी मेथी निवडत होत्या. गीतांजली फोन आणि डबी घेऊन शेजारी बसली. केयूरने काय दिलंय बघा, जरा ऐकता का, असं म्हणत तिने हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. तिला हसू आवरत नव्हतं, आणि भीतीही वाटत होती.

सरस्वतीबाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग त्यांचे डोळे मिटले. मेथीची काडी बोटांत तशीच राहिली. अंतरा संपेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

"मागे कोण गं ही?" त्यांनी विचारलं. कान झाकलेले असल्याने आवाज जरा मोठाच आला. "चांगली गाते."

गीतांजलीने त्यांच्या एका कानावरचा हेडफोन अलगद बाजूला केला.

"आई, हे कालचं आहे. आपल्या घरातलंच."

सरस्वतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. हातातली काडी त्यांनी खाली ठेवली, पदराने बोटं पुसली. त्या आता उठून आत जाणार, असं गीतांजलीला वाटलं. पण त्यांनी हेडफोन पुन्हा नीट कानावर बसवला आणि बोटानेच खूण केली: परत लाव.

दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचं बोट टेबलावर ताल धरू लागलं. अंतऱ्यात एका जागी ते थबकलं.

"इथे वरच्या षड्जावर तू घाई करतेस," त्या म्हणाल्या. "मी थांबते बघ."

गीतांजलीने मेथीचं ताट उचलून बाजूला ठेवलं.