कच्च्या टाक्यांचा कोट

आईने चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला नाक टेकवलं. परदेशातलं हे सहावं युद्धसंग्रहालय. त्याआधी दोन किल्ले झाले, आणि एक खंदक. तो तर तिने दुखऱ्या गुडघ्यांनिशी उतरून पाहिला होता. भाड्याच्या गाडीने चार दिवसांत हजारभर किलोमीटर कापले होते आणि तेवढ्यात ‘बघ, किती जपून ठेवलंय’ हे वाक्य धाकट्याने एकतीस वेळा उच्चारलं होतं. मोजणी सुनेची.

सहल आईला पटवण्यासाठीच तर होती. लढाईत गेलेल्या थोरल्याचा लष्करी कोट घरच्या कपाटात होता. त्याच्या पलटणीच्या संग्रहालयाला तो हवा होता. फॉर्म धाकट्याच्या मोबाइलमध्ये भरून तयार होता. अडलं होतं ते फक्त आईच्या होकारावर. ‘माझं पोर काचेत ठेवायचं नाही,’ एवढंच ती म्हणे.

“या कोटाच्या पाटीवर काय लिहिलंय गं?” काचेमागे बोट दाखवत तिने सुनेला विचारलं.

“अधिकाऱ्याचा कोट. शेवटच्या लढाईत त्यांच्या अंगावर होता.”

“नव्हता.”

“आई, इथे अभ्यास केलेली माणसं आहेत,” धाकटा म्हणाला.

“मग मी काय तीस वर्षं भाजी निवडली? गणवेशच शिवलेत.”

पहारेकरी बाई आली आणि काचेपासून मागे व्हा, असं तिने हातानेच सांगितलं. आई जागची हलली नाही.

“हिला सांग, खिसे बघ म्हणावं. कच्चा टाका घालून बंद आहेत. गिऱ्हाइकाच्या हाती देईपर्यंत खिसा लोंबू नये म्हणून शिंपी घालतो तो. कोट अंगात घातल्यावर माणूस पहिलं काय करतो? खिशात हात घालतो.”

धाकट्याने आपले हात खिशातून बाहेर काढले.

सुनेने सगळं समजावलं. पहारेकरी बाई आधी हसली, मग वाकली, मग आतून संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना घेऊन आली. त्यांनी टॉर्च मारून दोन्ही खिसे पाहिले, पुन्हा पाहिले.

“त्या विचारताहेत, मग हा कोणाचा?” सून म्हणाली.

“ज्याच्यासाठी शिवला त्याचाच. तो न्यायला आला नाही, एवढंच.”

बाईंनी वहीत काहीतरी टिपलं आणि त्या घाईने आत गेल्या. धाकटा मात्र आईकडे बघत राहिला.

“दादाचा कोट त्याच्या पेटीतून परत आला ना?”

“पेटीतून बूट आले. कोट मी शिवून ठेवला होता. रजेवर आला की नेणार होता.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“आठ वर्षांचा होतास. दादा याच कोटात लढला म्हणून गल्लीभर सांगत फिरायचास. म्हटलं, फिरू दे.”

धाकट्याने मोबाइल काढला. फॉर्ममध्ये त्याने लिहिलं होतं, ‘शेवटच्या लढाईत अंगावर होता.’ एकेक अक्षर खोडायला त्याला बराच वेळ लागला.

“नकोच देऊया,” तो म्हणाला.

“द्यायचा. पण खिसे कोणी उसवायचे नाहीत. आणि पाटी मी सांगेन तीच.”

“सांग.”

“लिही. आईने शिवला. अंगात घालायचा राहिला.”

पहारेकरी बाईने पुन्हा मागे व्हायची खूण केली. आईने काचेवरचा हात काढला नाही.

“थांब म्हणावं तिला,” ती सुनेला म्हणाली. “त्याचं लिहून होऊ दे.”